मराठी कपाटाचा दुसरा वाचक

लायब्ररीतलं मराठी कपाट तुम्ही न विचारता रिकामं केलंत. पुस्तकं नेणारा एकच, म्हणालात. तो मी. इथल्या पेनरोज भागातल्या गोदामात राबतो, घरी एकटा असतो. पण दुसरंही कुणी तिथेच बसून वाचत असणार. रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर मी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘खुनी लगेच ओळखू येतो. भिकार.’ पुढच्या खेपेला खाली उत्तर होतं, ‘मला नाही आला. तुम्ही फार शहाणे.’ प्रवासवर्णनावर मी लिहिलं, ‘नुसतं खाण्याचंच वर्णन.’ उत्तर आलं, ‘जेवून वाचत जा, काका.’ आत्मचरित्राला मी रडकं म्हटलंय, त्यावरचं उत्तर अजून वाचायचंय. या देशात माझ्याशी मराठीत बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. ते आत्मचरित्र कुठे पाठवलंत? सांगा.