उभं राहण्याची गोळी

"औषधं कोणकोणती घेता?" सिंधू सिस्टरने रत्नमालेला विचारलं आणि उत्तर दिलं तिच्या नवऱ्याने, नरहरीने.

"बीपीची एक. बाकी हिले काईच नाही लागत."

सुजलेले पाय लांब करून पलंगावर पडलेल्या रत्नमालेच्या अंगाचा तिळपापड झाला. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती तिची, आणि तोंड मात्र याचं! भिलाईत आल्यापासून हेच. शेजारीण हिची तब्येत विचारायची आणि हा अंगणातूनच "मजेत आहे" म्हणून मोकळा व्हायचा.

सिस्टरने नजर रत्नमालेवरून हलवली नाही. "दुखलं-खुपलं तर काय घेता? एखादी गोळी सांगायची राहिली, तर मूत्रपिंडांत जो थोडा जीव उरलाय तोही जाईल."

"सांगतलं ना सिस्टर, काई..."

"तुमी चूप बसा!" रत्नमाला कडाडली. वॉर्डातल्या बाया वळून पाहू लागल्या. "तिनं मले विचारलं, तुमाले नाही."

मग तिने सगळं सांगितलं. भंडाऱ्याकडून, त्यांच्या गावाकडून, जो कोणी इथल्या पोलाद प्लांटच्या भरतीला यायचा, तो यांच्याच क्वार्टरमध्ये पथारी टाकायचा. एक गेला की दुसरा हजर. गावात नाव नरहरीचं, शेगडीपुढे कंबर हिची. कंबर धरली की हाच गोळी आणून हातावर ठेवायचा. "घे अन् उभी राह, गावची पोरं उपाशी हायेत." सकाळी एक, दुपारी एक, पाहुणे वाढले की रात्रीही.

"रोज?" सिस्टरने विचारलं.

"रोज. कितीक वर्षं झाली."

"पण ते का औषध आहे?" नरहरी खरोखरच गोंधळला होता. "ते त दुखण्याची गोळी आहे!"

"त्याच गोळ्या मूत्रपिंडांना खातात, भाऊ. आजपासून एकही द्यायची नाही." सिस्टर तडक डॉक्टरांकडे निघाली.

रत्नमालेचे डोळे भरून आले, ते दुःखाने नव्हे, संतापाने. ज्या गोळीने तिला उभं ठेवलं, तिनेच आडवं केलं होतं. आणि ती आणून देणारा माणूस पायथ्याशी घड्याळ पाहत उभा होता.

थोड्या वेळाने तो खाकरला. ती वाट पाहत राहिली. निदान आता तरी विचारेल, फार दुखतं का म्हणून.

"गावच्या फकिराचा पोरगा आज संध्याकाळी भरतीले येऊन राहिला," नरहरी हळूच म्हणाला. "पीठ कुठं ठेवलं आहेस?"

इतक्या वर्षांत त्याने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. रत्नमालेने भिंतीकडे तोंड फिरवलं.