टर्बोला साधं चालत नाही

मेव्हण्याचा फोन आला तेव्हा मिस्त्री एका ट्रकखाली उताणा पडला होता. गिअरबॉक्सचं धूड जॅकवर तोललेलं, दोन्ही हात ग्रीसने बरबटलेले, फोन छातीवर. मेव्हणा सांगत होता की नवी गाडी चढावर खडखडते, शोरूमवाले उडवाउडवी करतात, आता तुम्हीच सांगा. मिस्त्रीला त्या घडीला फक्त फोन संपवायचा होता.

"टर्बो आहे ना? मग टर्बोला साधं चालत नाही. प्रीमियम पेट्रोलच टाक. नाहीतर एक दिवस पिस्टनला भोक पडेल."

बावीस वर्षं तो गॅरेज चालवत होता, पण हयात गेली ती ट्रक आणि जुन्या गाड्यांत. टर्बोचं पेट्रोल इंजिन त्याने एकदाही उघडलं नव्हतं. टर्बो हवा दाबून आत कोंबतो, त्या दाबाखाली साधं पेट्रोल कधीकधी वेळेआधी पेटतं आणि इंजिनात ठोके बसतात, इतपत त्याने ऐकलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण प्रत्येक इंजिनाचं तसं नसतं, बनवणाऱ्याने काय लिहिलंय ते आधी वाचावं लागतं, एवढं सांगायला त्याच्याकडे तेव्हा सवड नव्हती.

मेव्हणा म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. फरशांच्या गोदामाचा मालक. लहानपणापासून फरशा उचलून मनगटं लाकडी ओंडक्यासारखी झालेली, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. गोदामातल्या एका माणसाचा त्याने जबडा मोडला होता, शेजाऱ्याच्या कुत्र्याला लाथेने मारलं होतं, आणि दोन्ही वेळा सासरच्यांनी धावपळ करून प्रकरण मिटवलं होतं. पोरगा तापट आहे पण मनाचा निर्मळ, हे सासूबाईंचं ठरलेलं वाक्य. मिस्त्री त्यावर मान डोलवायचा. खरं तर तो मेव्हण्याला टरकून होता आणि हे बायकोलाही ठाऊक होतं.

तीन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी मेव्हणा गॅरेजच्या दारात गाडी घेऊन उभा राहिला. सांगितल्याप्रमाणे प्रत्येक वेळी प्रीमियमच भरलंय, तरी आवाज जात नाही, चला बसा आणि कानांनी ऐका. मिस्त्री हात पुसून शेजारच्या सीटवर बसला. उड्डाणपुलाच्या चढावर मेव्हण्याने पाय दाबला आणि पुढून पत्रा थरथरल्यासारखा आवाज आला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायला हवं होतं. पण इंजिनाची टोपणं पाहून आपल्याला काही कळणार नाही, आणि हे मेव्हण्यापुढे उघडं पडेल, ही मिस्त्रीला धास्ती होती. म्हणून त्याने विचारलं, की शेवटचं पेट्रोल कुठे भरलंस, आणि नक्की प्रीमियमच होतं का.

मेव्हण्याने कप ठेवायच्या खळग्यातून सकाळची पावती काढली. तिच्यावर साधं पेट्रोल छापलेलं होतं.

मेव्हण्याने पावती मिस्त्रीच्या मांडीवर टाकली. पूल उतरताच त्याने गाडी त्या पंपाकडे वळवली. मिस्त्रीने सारवासारव करून पाहिली, की एका टाकीने काही बिघडत नाही, सावकाश बोलू त्यांच्याशी. मेव्हण्याने वेग वाढवला.

पंपावर चार गाड्या रांगेत होत्या. नोझल हातात घेऊन उभा असलेला माणूस पन्नाशीचा, उंच आणि किडकिडीत. काम करताना सतत शीळ घालायचा म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. मेव्हणा रांग मोडून थेट त्याच्यापुढे गेला. काच खाली होती, त्यामुळे मिस्त्रीला सगळं ऐकू येत होतं. सकाळी तुम्ही फक्त टाकी भरा म्हणालात, कुठलं ते सांगितलं नाहीत, असं शिट्टी शांतपणे सांगत होता. मग तो गाडीपाशी आला, टाकीची झडप उघडून आतल्या बाजूला बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे बघा साहेब. कंपनीनेच लिहिलंय. या इंजिनाला साधं चालतं. उगाच महागडं कशाला भरता?"

मिस्त्री सीटवर खाली सरकला. शिट्टीचं म्हणणं बरोबर होतं आणि ते रांगेतल्या चारही गाड्यांनी ऐकलं होतं. मेव्हण्याला चूक कळण्यापेक्षा चारचौघांत कळणं जास्त झोंबलं असावं. त्याने डिकी उघडली. चाक काढायचा लोखंडी व्हीलपाना बाहेर काढला.

पहिला फटका शिट्टीच्या हातावर बसला. ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज झाला. शिट्टी नुसता आपल्या लोंबणाऱ्या मनगटाकडे बघत राहिला. दुसरा खांद्यावर. मग शिट्टीने चांगल्या हाताने नोझल उगारून मेव्हण्याच्या तोंडावर हाणलं. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, आणि खटका दाबला गेल्यामुळे पेट्रोलची चिळकांडी उडून दोघांच्याही अंगावर पडली. मेव्हण्याने रक्ताने आंधळं होऊन पाना फिरवला तो शिट्टीच्या गुडघ्यावर. शिट्टी खाली कोसळला. त्या पडलेल्या माणसाच्या त्याच गुडघ्यावर मेव्हण्याने पुन्हा पाना घातला.

तोवर मिस्त्री गाडीत होता. आरशात बघत होता. दाराच्या कडीवर बोटं होती, पण ती कडी त्याने ओढली नव्हती.

त्याने ती ओढली, पण पंपाच्या केबिनमध्ये बसणाऱ्या बाईने पंप बंद करायचं बटण दाबून भोंगा वाजायला लागल्यावर. मागून जाऊन त्याने मेव्हण्याला कव घातली आणि कानाशी बोलला, "सोड त्याला. त्याची चूक नाही, माझी आहे. मी न बघता सांगितलं होतं."

मेव्हण्याने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग पान्याच्या बुंध्याने त्याच्या तोंडावर मारलं. मिस्त्रीच्या तोंडात दातांचे तुकडे खडीसारखे फिरले. तो गुडघ्यांवर बसला. रांगेतले लोक गाड्या तशाच टाकून रस्त्याकडे पळत सुटले होते. शिट्टी कोपरांवर रेटत पेट्रोलच्या थारोळ्यातून मागे सरकू पाहत होता. आणि मेव्हण्याने पाना टाकून खिशात हात घातला.

तो काय काढतोय हे मिस्त्रीला आधी कळलं, पटलं नंतर. लायटर होता. मेव्हण्याचा स्वतःचा शर्टही भिजून छातीला चिकटला होता, पण त्याचं त्याला भान नव्हतं.

मिस्त्रीने उभं राहायचा प्रयत्न केला नाही. तो तसाच पुढे झेपावला, लायटर धरलेलं मनगट दोन्ही हातांनी पकडलं आणि त्यात उरलेले दात रोवले. मेव्हणा मोकळ्या हाताने त्याच्या कानावर, मानेवर, पाठीवर बुक्के घालत राहिला. मिस्त्रीने जबडा उघडला नाही. तोंडात रक्त, कातडी आणि पेट्रोलची चव एकत्र झाली. दाताला काहीतरी दोरीसारखं लागलं आणि तुटलं, तेव्हा कुठे मेव्हण्याची बोटं सैल पडली. लायटर खाली पडला तो केबिनमधल्या बाईने पायाने लांब उडवला. मग दोन ट्रकवाले धावत आले आणि मेव्हण्याच्या अंगावर बसले.

इस्पितळात मिस्त्रीचा जबडा तारांनी बांधला. सासूबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. नोझल आधी त्या माणसाने उचललं एवढंच सांगायचं, बाकी वकील बघून घेतील, तुमच्या बायकोचा सख्खा भाऊ आहे तो, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. बोलता येत नव्हतं म्हणून मिस्त्रीला उत्तर द्यावं लागलं नाही. बायको खिडकीपाशी पाठ करून उभी होती.

तारा निघाल्यावर तो स्वतः पोलीस ठाण्यात गेला. गाडी मागच्या आवारात उभी होती. तपास करणाऱ्या फौजदाराच्या समोर त्याने बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदाच नीट आत पाहिलं. टर्बोवर उष्णता अडवायला पत्र्याचं कवच असतं, त्याचा एक बोल्ट गळून पडला होता. इंजिनावर जोर आला की पत्रा थरथरायचा. पेट्रोलचा आणि त्या आवाजाचा काहीही संबंध नव्हता. फौजदाराने विचारलं, की दुरुस्तीला किती वेळ लागला असता. मिस्त्री म्हणाला, दहा मिनिटं. मग त्याने जबाब लिहून दिला, ट्रकखालून फोनवर बोललेल्या वाक्यापासून सगळा.

खटला सव्वा वर्ष चालला. मेव्हण्याच्या वकिलाने त्याच्या बहिणीला, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोला, साक्षीला बोलावलं, भाऊ मायाळू आहे हे तिच्या तोंडून वदवायला. तिने उजवा हात वर करून आपला वाकडा अंगठा न्यायाधीशांना दाखवला. "मी बारा वर्षांची होते. त्याची सायकल मी विचारल्याशिवाय घेतली म्हणून त्याने हा दारात धरून दार लावलं. आईने सगळ्यांना सांगितलं, वाऱ्याने लागलं." लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि मिस्त्रीलाही वाऱ्याचीच गोष्ट माहीत होती. सासूबाई उठून बाहेर गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं.

मेव्हण्याला सात वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत, आणि तुरुंगातून तो निरोप पाठवतो की बाहेर आल्यावर भावोजींना बघून घेईन. बायकोने गॅरेजच्या दाराला आतून अडसर बसवून घेतला.

निकालानंतर मिस्त्री पंपावर गेला. शिट्टी आता केबिनमध्ये बसून होता, एक पाय समोरच्या स्टुलावर ताठ पसरलेला. मनगट जुळलं होतं, गुडघा जुळला नव्हता. मिस्त्री दारातच उभा राहिला आणि त्याने माफी मागितली. शिट्टीने ऐकून घेतलं. जीव वाचवलात हे मी विसरणार नाही, असंही तो म्हणाला. मग काचेबाहेर बघत त्याने विचारलं, "तुम्ही गाडीत किती वेळ बसून होता?"

मिस्त्रीने खोटं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. "तीन फटके बसेपर्यंत."

"चार," शिट्टी म्हणाला. "चौथ्याने गुडघ्याची वाटी फुटली."

बाहेर एक गाडी येऊन थांबली होती आणि नोझलपाशी कुणी नव्हतं. शिट्टीने कुबडी ओढून घेतली, टेबलाचा आधार घेत उठला, आणि मिस्त्री दारातून बाजूला होईपर्यंत तसाच उभा राहिला.