जावई गाडीखाली

काकूंच्या पिकअपचे मागचे शॉकअप गेले होते, ही गोष्ट गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत होती. गाडी नुसती उभी असताना मागच्या फळीला कुणी टेकलं, तरी ती बराच वेळ मान डोलावत राहायची. चालायला लागली की विचारूच नका. शॉकअपचं काम एवढंच, की स्प्रिंगचा पाटा एकदा दबला की त्याला उगाच उड्या मारू द्यायच्या नाहीत. ते काम त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. वरून दोन्ही बाजूंनी तेल गळून माती चिकटली होती. गतिरोधक आला की मागचा भाग वर, मग खाली, मग पुन्हा वर, आणि प्रत्येक वेळी काकू आरशातून मागे बघायच्या, कारण मागे अंड्यांचे ट्रे असायचे.

काकू कोंबड्या पाळायच्या आणि अंडी स्वतःच पोचवायच्या. बेकरीवाली बाई ट्रे उघडून तडकलेलं एकेक अंडं बाजूला काढायची आणि काही न बोलता काकूंकडे बघायची. ते बघणं काकूंना शिव्यांपेक्षा जास्त लागायचं. शेवटी त्यांनी मिस्त्रीला सांगितलं. सोमवारी सकाळी गाडी आणून टाका, दुपारी घेऊन जा, असं तो म्हणाला. विषय संपला होता. पण काकूंनी ही गोष्ट फोनवर लेकीला सांगितली, तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. मिस्त्री नको, हे स्वतः करणार आहेत, नवे शॉकअप घेऊनसुद्धा आलेत. काकूंचा जावई दातांचा डॉक्टर. काकू म्हणाल्या, अगं, दातांचं वेगळं, गाडीचं वेगळं. लेक म्हणाली, त्यांना फार हौस आहे, नाही म्हणू नकोस, मनाला लावून घेतील. आता जावयाच्या मनाला लावायचं म्हणजे काय सोपी गोष्ट आहे? लग्न झाल्यापासून काकूंनी त्यांना अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती. काकूंनी मिस्त्रीला सोमवारी येत नाही म्हणून कळवलं.

रविवारी सकाळी दोघं आले. जावईबापूंनी आवारात चटई अंथरली, तिच्यावर धुतलेलं फडकं, आणि फडक्यावर नट खोलायचे कोरे करकरीत पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडले. हातमोजे घातले. काकूंना वाटलं, आता हे गाडीला आ करायला सांगणार. संध्याकाळच्या आत बेकरीला मोठा माल पोचवायचा होता, दुसऱ्या दिवशीच्या केकसाठी. हे काकूंनी आडून आडून सांगितलं. ते म्हणाले, "दोन तासांचं काम आहे, आई. तुम्ही निवांत बसा."

निवांत बसणं काकूंना आयुष्यात जमलं नव्हतं. त्या मागे उभ्या राहिल्या.

डावीकडचा शॉकअप तसा बऱ्या बोलानं निघाला. नवा बसवला, त्याला दाबून धरणारी पट्टी कापली, आणि दांडा सुस्कारा टाकत आपल्या लांबीला आला. जावईबापू खूश झाले. काकूंनाही बरं वाटलं, पण बोलून दाखवलं नाही, कारण अजून उजवी बाजू होती.

उजवीकडे वरचा बोल्ट सुटला, खालचा नटही सुटला. पण शॉकअपचं खालचं कडं ज्या पिनेवर बसतं, त्या पिनेला ते गंजून असं चिकटलं होतं, जसं काही तिथंच जन्मलं. जावईबापूंनी तेल फवारलं. थोडं थांबायला हवं, म्हणाले. थांबले. मग कडं दोन्ही हातांनी धरून हळूहळू डावीकडे, हळूहळू उजवीकडे हलवायला लागले. पुन्हा तेल. पुन्हा थांबणं. थांबल्या थांबल्या काहीतरी करावं म्हणून त्यांनी दुसऱ्या नव्या शॉकअपची पट्टी कापून बघितली. तोही सुस्कारा टाकून लांब झाला आणि काही केल्या परत दबेना. पट्टी शॉकअप बसवल्यावर कापायची असते, हे सकाळी पहिल्या वेळी त्यांनीच काकूंना समजावून सांगितलं होतं.

"आता?" काकूंनी विचारलं.

"बघू," ते म्हणाले.

ऊन डोक्यावर आलं. लेकीनं जेवायला बोलावलं, तेव्हा कडं सकाळी होतं तिथंच होतं. जेवताना जावईबापू म्हणाले, मुळं जुनी असली की घाई करायची नसते, हलवत राहायचं, ते आपणहून सुटतं. काकूंनी वाटीकडे बघून मान हलवली. मनात म्हणाल्या, माणसाला निदान भूल देता तरी येते. मी काय घेऊ?

जेवण झालं. जावईबापू हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत, हातमोज्यातूनही नखांत शिरलेलं काळं जात नव्हतं म्हणे. काकूंच्या मनात बेकरीवालीचे डोळे नाचत होते. त्यांनी आवारात येऊन इकडे तिकडे बघितलं, शेडमधून घण उचलला, गोणपाट टाकून त्या गाडीखाली सरकल्या आणि दिला एक ठोका. मग दुसरा. तिसऱ्याला कडं हललं. काकूंच्या अंगात वारं शिरलं. चौथा ठोका निसटून पिनेच्या टोकावर बसला, पाचवाही तिथंच, पण सहाव्याला कडं खाली पडलं. काकू विजयी मुद्रेनं बाहेर आल्या, तेवढ्यात जावईबापू आले.

ते वाकले. पडलेलं कडं बघितलं. मग पिन बघितली. टोकाचे आटे चेपून सपाट झाले होते. नट हातात घेऊन त्यांनी लावून बघितलं, तो नुसता टेकत होता, चढत नव्हता. पिन चाकांच्या एक्सलच्या पट्टीला वेल्डिंगचा डाग देऊन जोडलेली, काढून दुसरी लावायची सोय नाही. काकूंना सगळं समजलं. तोंडात मारल्यासारखं झालं.

"असू द्या, आई," ते म्हणाले. "होतं असं."

काकूंचं डोकंच फिरलं.

"असू द्या काय असू द्या? अरे, मी तुझ्या सगळ्या कामाची माती केली. अर्धा दिवस घालवलास तू, आणि मी येऊन आटे चेपवले. ओरड की माझ्यावर! मूग गिळल्यासारखा उभा काय राहतोस?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. शब्द माघारी घ्यायची सोय नव्हती. जावयानं हातातला नट बाजूला ठेवला, एक रिकामं क्रेट पालथं घातलं आणि त्यावर बसला.

"बोलू?" त्यानं विचारलं.

"बोल."

"तुम्ही सकाळपासून माझ्या डोक्यावर उभ्या आहात. मी पाना उचलला की सुस्कारा सोडता, ठेवला की पुन्हा सोडता. अहो, लहान पेशंटची आईसुद्धा बाहेर बसते. आणि गाडी मिस्त्रीकडेच न्यायची होती, तर सरळ नाही म्हणायचं होतं. मी झोपलो असतो आज."

"जावयाला नाही कसं म्हणणार? तुला एवढी हौस, नाही म्हटलं तर मनाला लावून घेशील."

"मला हौस?" तो म्हणाला. "मला गाडीतलं काय कळतं? ही म्हणाली, आईचा मिस्त्रीवर भरवसा उडालाय, तुझ्याच हातून करून हवंय तिला. आठवडाभर मी व्हिडिओ बघतोय. काल रात्री स्वप्नात नट आले."

दोघांनीही एकदम स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत लेक उभी होती. ती बाजूला झाली, पण उशीर झाला होता.

काकूंनी तिला बाहेर बोलावलं आणि कारण विचारलं. लेक म्हणाली, दर रविवारी हे मोबाईल घेऊन लोळत पडतात, म्हटलं निदान एक दिवस हलतील. आणि तुझंही मिस्त्रीकडे हेलपाटे घालणं वाचेल. त्यात एवढं काय झालं?

काकूंना कपाळाला हात लावायचा होता, पण हात तेलानं माखलेले होते. त्यांनी लेकीला दोन कामं सांगितली. सगळे ट्रे उचलून आवारात आणायचे, आणि बेकरीवालीला फोन करून माल उशिरा येतोय हे सांगायचं. लेकीनं ट्रे चालतील म्हटलं, फोन तूच कर म्हणाली. काकू म्हणाल्या, फोन तूच करायचा, आणि ती जे काय बोलेल ते पूर्ण ऐकून घ्यायचं.

मग त्या गोणपाट घेऊन पुन्हा गाडीखाली सरकल्या. शेडमधून करवतीला धार लावायची तिकोनी कानस आणली होती, ती त्यांनी शेजारी सरकलेल्या जावयाला दिली. त्यानं चष्मा पुसला, पिनेपाशी तोंड नेलं आणि चेपलेला एकेक आटा कोरून काढायला घेतला. काकूंनी बॅटरी धरली. त्यांचा हात हलला की तो म्हणायचा, उजेड वर. दोनदा हलला तेव्हा म्हणाला, "आई, नीट धरा की जरा." काकूंनी नीट धरली. किती वेळ गेला कोण जाणे, मान आखडली, कानात लोखंडाचा चुरा गेला, काकूंनी गाडीला, मिस्त्रीला आणि पोटच्या पोरीला मनसोक्त नावं ठेवली. शेवटी नट एक वेढा चढला, मग दुसरा.

उरला तो लांब झालेला शॉकअप. वरून लावला तर त्याचं खालचं कडं पिनेच्या चार बोटं खाली लोंबत होतं. दोघांनी छातीचा जोर लावून दाबून बघितलं, चेहरे लाल झाले, आणि शॉकअपला त्याचं सोयरसुतक नव्हतं. काकू म्हणाल्या, आता घण. जावई घाईनं म्हणाला, घण नको. त्यानं आडवं पडून लोंबत्या कड्यापासून पिनेपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. मग म्हणाला, शॉकअप आखूड होत नसेल तर जागा मोठी करू, चासीखाली, म्हणजे सांगाड्याखाली, जॅक लावून गाडीच वर उचलू. काकूंनी जॅक आणला. गाडीचं अंग वर गेलं, एक्सल खालीच राहिला, आणि कडं मुकाट्यानं पिनेवर जाऊन बसलं.

"हे आधी सुचलं नाही का?" काकू म्हणाल्या.

"आधी तुम्ही मागे उभ्या होतात," तो म्हणाला.

ट्रे भरून निघायला ऊन उतरलं. काकू गाडी चालवायला बसल्या, जावई शेजारी. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला. काकूंनी सवयीनं आरशात बघितलं. गाडी एकदा वर गेली, खाली आली आणि शहाण्या माणसासारखी स्वस्थ झाली. काकू काही बोलणार, तोच मागून टणटण आवाज यायला लागला. रस्त्याच्या कडेला थांबून जावई खाली उतरला आणि चासीवर विसरलेला मोठा पाना हातात घेऊन परत आला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं नाही, नुसती गाडी पुढे काढली.

बेकरीवालीनं उशिराबद्दल दोन शब्द सुनावले, लेकीला फोनवर सुनावून झाले होते ते धरून चार. मग ट्रे उघडले. दोन अंडी तडकलेली निघाली, तीही लेकीनं उचलताना आपटली असणार. बाईनं सगळे ट्रे पुन्हा एकदा बघितले आणि न बोलता आत नेले. काकूंना तेवढं पुष्कळ होतं.

परतीच्या वाटेवर गाडी मोकळी होती, तरी मागचा भाग शांत होता. जावयानं खिडकीतून मान बाहेर काढली, कान दिला, आत आला, पुन्हा काढली. मग म्हणाला, "आई, पुढचेही शॉकअप गेल्यासारखे वाटतात. पुढच्या रविवारी—"

"पुढच्या रविवारी मी घरी नाही," काकू म्हणाल्या.

"कुठं जाणार आहात?"

"अजून ठरलं नाही. पण घरी नाही."