बोट काढा, साहेब

मी एक जुना वॉकीटॉकी आहे. अंबरनाथच्या एका अग्निशमन केंद्रात, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात पडून असतो. म्हातारपणी वस्तू हळव्या होतात म्हणे. माझं तसं काही झालेलं नाही, मित्रांनो. मी वैतागलेला आहे. माझा वैताग ऐकून घ्यायला इथे एका झुरळाशिवाय कोणी नाही, आणि तेही अर्ध्यातून उठून जातं, म्हणून तुम्हाला सांगतो.

आधी माझं काम समजून घ्या, कारण मोठ्या माणसांना ते समजायला फार वर्षं लागली. माझ्या कुशीला एक बटण आहे. ते दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एकाने बटण दाबून धरलं की बाकी सगळ्यांची तोंडं बंद. आग लागते तेव्हा आत शिरलेल्या जवानाला सगळं दिसतं, पण हुकूम देणारे साहेब बाहेर रस्त्यावर असतात आणि त्यांना धुरापलीकडे काही दिसत नाही. म्हणून आतल्याने कळवायचं: कुठे आहे, काय दिसतंय, काय करतोय, काय हवंय. मग बोट काढायचं. एवढं सोपं काम, पण ते धड कोणी करील तर शपथ.

सत्त्याऐंशी सालच्या दसऱ्याला आम्ही तिघे भाऊ एकाच खोक्यातून केंद्रात आलो. आमचं कौतुक काय विचारता. बंबाच्या शेजारी पाटावर बसवलं, झेंडूची माळ घातली, पेढा ठेवला. हिंदुराव नावाच्या जवानाने मोठ्या भक्तिभावाने चिमूटभर कुंकू घेतलं आणि ते नेमकं माझ्या बोलायच्या जाळीवर वाहिलं. तेव्हापासून माझा आवाज घोगरा आहे. पुढे त्याच हिंदुरावाच्या कमरेला मी लागलो, आणि माझा आवाज असा का येतो म्हणून तोच मला थोपटायचा.

दुसरा भाऊ कोंडाजीकडे होता. कोंडाजी जांभूळ गावचा, बंबाच्या पंपावर उभा राहायचा. टाकीत पाणी किती उरलंय हे सांगणं त्याचं काम. तिसरा भाऊ केंद्राचे प्रमुख चिंतामणी साहेब यांच्या हातात. साहेब शूर होते, जवानांच्या घरी दुखलंखुपलं तर धावून जायचे. पण वाईट बातमी ऐकली की त्यांचा भडका उडायचा, आणि तो बातमी सांगणाऱ्यावरच उडायचा.

पहिल्याच वर्षी एका रंगाच्या कारखान्यात आग लागली. कोंडाजीने बिचाऱ्याने सरळ कळवलं की पंप तापलाय, पाण्याचा जोर कमी होतोय. झालं. साहेबांनी बटण दाबलं ते सोडायचं नावच नाही. पंप आधी का तपासला नाहीस, झोपा काढतोस का, तुला कामावर घेतलं कोणी, अशी सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या कानात त्याची बिनपाण्याने हजामत केली. आत हिंदुराव मागे फिरू का म्हणून विचारत होता, ते कोणाला ऐकू जाणार?

त्या दिवसापासून कोंडाजी शहाणा झाला. त्याच्याकडे एकच उत्तर उरलं. "ठीक हाय, सायेब." त्याचं बघून सगळेच शहाणे झाले. भिंतीला तडा गेला, ठीक आहे साहेब. शिडी तोकडी पडली, ठीक आहे साहेब. एकदा बदलापूरच्या वाटेवर बंबाचं चाक गटारात गेलं होतं आणि बंब कलता उभा होता, तेव्हाही कोंडाजीने ठीक असल्याचं कळवलं. सगळंच ठीक आहे तर मला विकत तरी कशाला घेतलं, असं मला वाटायचं. पण माझं बटण मला स्वतःला दाबता येत नाही, हे माझं दुर्दैव.

मग एक्क्याण्णव सालचा उन्हाळा आला. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीत, गाद्यांच्या फोमचं गोदाम भर दुपारी पेटलं. गल्ली एवढी अरुंद की बंब कोपऱ्यावरच अडला. तिथून होज, म्हणजे पाण्याचा जाड पाइप, ओढत हिंदुराव आणि धर्मराज पहिल्या मजल्यावर चढले. धर्मराज हा हिंदुरावाचा जोडीदार, केंद्रातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. भजनाला बसला की वॉकीटॉकीची गरज नाही असं मीसुद्धा म्हणायचो. मी हिंदुरावाच्या कमरेला होतो.

साहेबांनी पाण्याचं विचारलं. कोंडाजी म्हणाला, ठीक हाय. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, पुन्हा ठीक हाय. टाकी खाली चालली होती, हे त्याला समोर काचेच्या नळीत दिसत होतं. पण विठ्ठलवाडीकडून दुसरा टँकर निघाला होता. तो आत्ता येईल, मग वाईट बातमी सांगावीच लागणार नाही, या आशेवर तो थांबला. टँकर बाजारातल्या हातगाड्यांत अडकून पडला होता.

हिंदुरावाच्या हातातला होज एकदम ढिला पडला. मागे जिन्याकडे धुराचा काळा लोट आला आणि वाट बंद झाली. आणि मित्रांनो, या माणसाने मला तोंडाशी धरून काय सांगावं? "ठीक हाय साहेब, जरा प्रेशर कमी वाटतंय." जरा! मला धरून भिंतीवर आपटलं असतं तरी एवढा संताप झाला नसता.

साहेबांनी कोंडाजीला खडसावून विचारलं, तेव्हा कुठे त्याच्या तोंडून निघालं की टाकी रिकामी आहे. साहेबांचा भडका उडाला. बटण दाबलं गेलं आणि कोंडाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला.

इकडे धर्मराज खोकत खोकत खाली बसला आणि आडवा झाला. हिंदुरावाने त्याला काखेत धरून मागच्या खोलीत ओढलं, खिडकी फोडली, तर बाहेरून गज. आता मात्र हिंदुरावाचं डोकं ठिकाणावर आलं. सगळी वर्षं जे बोलायला हवं होतं ते त्याने अगदी जसंच्या तसं सांगितलं. "साहेब, पाणी न्हाई. जिना बंद हाय. धर्मराज पडलाय. आम्ही मागच्या खोलीत हाय, खिडकीला गज हायती."

कोणाला ऐकू गेलं? कोणालाच नाही. साहेब अजून कोंडाजीला झाडत होते. हिंदुराव पुन्हा बोलला, पुन्हा बोलला. माझ्या पोटातून साहेबांच्या शिव्या येत होत्या आणि मी मनात ओरडत होतो, बोट काढा, साहेब, बोट काढा.

शेवटी श्वास घ्यायला साहेब थांबले, बोट सुटलं, आणि हिंदुरावाच्या बोलण्याचं शेपूट तेवढं त्यांच्या कानावर पडलं. खिडकीला गज. साहेब मागच्या गल्लीकडे धावत सुटले. तिथे लोकूमल नावाच्या सिंधी माणसाचं ग्रिलचं दुकान होतं. तो स्वतःच शिडी घेऊन उभा होता.

"साईं, वो खिडकी मैंनेच बनाई है," तो म्हणाला. "गज को सिर्फ ऊपर-नीचे वेल्डिंग का टाका मारा है. उधरच पहार लगाओ."

साहेब स्वतः शिडीवर चढले, त्याने सांगितलं तिथेच पहार घातली, गज सुटले. आधी धर्मराज बाहेर आला, मग हिंदुराव, मग त्याच्या कमरेला मी.

धर्मराज जगला. पण धुराने त्याची छाती कायमची खराब झाली आणि तो मोठा आवाज गेला तो गेलाच. दवाखान्यात साहेब त्याच्या उशाशी बसले होते, तेव्हा त्याची बायको बकुळा आली. तिने आरडाओरडा केला नाही. साहेबांच्या हातातल्या माझ्या भावाकडे बघून एवढंच विचारलं, "हे यंत्र तुमच्यापाशी होतं ना? मग तुम्हाला कळलं कसं नाही?"

हिंदुरावाबरोबर मीही तिथेच होतो. माझ्याकडे उत्तर होतं, पण मला कोण विचारतो?

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं. ते म्हणाले की आजपासून वाईट बातमी सगळ्यात आधी सांगायची, आणि तिच्यावर मी एकच शब्द बोलीन: ‘समजलं’. जवानांनी एकमेकांकडे पाहिलं. माझा तर मुळीच विश्वास बसला नाही. असे निश्चय मी फार ऐकले होते.

पुढच्या वर्षी बदलापूरला एका लाकडाच्या वखारीत आग लागली. हिंदुराव नव्या जोडीदाराबरोबर आत होता. कोंडाजीने कोणी न विचारता बटण दाबलं. "सायेब, पानी अर्ध्यावर आलंय. दुसरा टँकर दिसत नाय."

साहेबांचं बटण दाबलं गेलं. त्यांचा श्वास आम्हा तिघांनाही ऐकू येत होता. एवढी मोठी शिवी गिळताना मी कोणाला ऐकलं नव्हतं. मग ते म्हणाले, "समजलं. हिंदुराव, दोघेही बाहेर या." आणि बोट काढलं.

वखारीचं छप्पर कोसळलं तेव्हा खाली फक्त आमचा होज होता. त्या होजसाठी साहेब परतीच्या वाटेभर चिडचिडले, पण बटण न दाबता.

पुढे नवे, हलके संच आले आणि आमची रवानगी कपाटात झाली. माझे दोघे भाऊ भंगारात गेले. मित्रांनो, तुम्हाला कोणी कसं काय विचारलं तर ठीक म्हणून मोकळे होऊ नका, आणि कोणी येऊन वाईट बातमी सांगितली तर आधी त्याच्या अंगावर धावून जाऊ नका. पुढच्या वेळी तो तुम्हाला काहीच सांगणार नाही. मला फडक्याने पुसून ठेवणं वगैरे नंतर, आधी हे सांभाळा.

धर्मराज आता केंद्रातल्या फोनवर बसतो. दसऱ्याला तो मला बाहेर काढतो, कुंकू माथ्याला लावतो, जाळीला नाही, आणि बसक्या आवाजात विचारतो, "ठीक आहेस ना रे?"

तर ऐक, धर्मराज. मी खालच्या कप्प्यात आहे. इथे अंधार दिसतो आणि एक झुरळ दिसतं. मी काहीही करत नाही. बॅटरी मेली आहे, आणि तुझा जुना आवाज ऐकावासा वाटतो. मी ठीक नाही. संपलं. बोट काढतो.