चौथं मत

भांडण ऐकावं तर त्या तिघांचं. लॉण्ड्रीच्या वरच्या मजल्यावर त्यांची तालमीची खोली होती, आणि आज कुणाचा आवाज चढलाय हे खाली इस्त्री करणाऱ्यांनाही न बघता कळायचं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो अशी ही चौकडी वीस वर्षं देशोदेशी वाजवत होती. मग दुसरं व्हायोलिन वाजवणाऱ्या गृहस्थांचा खांदा कायमचा निकामी झाला, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर एक तरुण मुलगी, सगळ्यांची धाकटी, येऊन बसली. वर्षभर बघू, मग ठरवू, असं तिला सांगितलं होतं. ते वर्ष उद्याच्या कार्यक्रमानं संपत होतं, आणि आपल्याला ठेवून घेणार नाहीत अशी धाकटीची खात्री झाली होती. कारण तिच्याशी कुणी भांडतच नव्हतं.

पहिलं व्हायोलिन वाजवणारे मास्तर चेलोवाल्या ताईंना म्हणायचे, हा हात आहे की नांगर? ताई मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. व्हायोलावाले काका दोघांनाही मूर्खात काढायचे. शेवटी मत घ्यायचं, दोन विरुद्ध एक, की मिटलं. धाकटीकडे वळले की मात्र तिघांच्याही तोंडात साखर. छान वाजवलंत, चहा घेणार का, खिडकी लावू का? किती भली माणसं मिळाली म्हणून तिची आई खूश होती. धाकटीला वाटायचं, असं पाहुण्याशी वागतात, आणि पाहुण्याला शेवटी निरोपच द्यायचा असतो. म्हणून ती आणखीनच जपून वागायची. जो जे म्हणेल त्याला मान डोलवायची.

आज वाद पेटला तो उद्याच्या रचनेतल्या संथ भागाच्या शेवटावर. तिथे बाकीचे तिघे थांबतात, आणि दुसरं व्हायोलिन एकटंच एक लांब सूर धरून राहतं. मास्तरांचं म्हणणं, तोही सूर सोडायचा, क्षणभर पूर्ण शांतता, मग पुढे. काकांनी मास्तरांची री ओढली, सूर तसाच पुढे न्या म्हणणाऱ्या ताई एकट्या पडल्या. दोन विरुद्ध एक, ठरलं.

वाजवायला घेतलं. ती जागा आली, आणि सूर असा भरून आला की तो तोडणं धाकटीच्या जिवावर आलं. तिनं तो तसाच पुढच्या भागात नेला. तिघेही अडखळून थांबले.

"मत घेतलंय ना आपण?" मास्तर म्हणाले.

"माझं नाही घेतलं," धाकटी म्हणाली. "मी इथे थांबणार नाही. थांबलं की मरतं ते."

बोलून तर गेली. वर्षभराच्या कष्टांवर आपण आपल्याच हातानं पाणी फिरवलं, असं तिला वाटलं.

मग मास्तर कडाडले, अक्कल गहाण टाकलीस का? काका उठून उभेच राहिले. वर्षभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कंठ फुटला होय? ताई त्या दोघांवर तुटून पडल्या. धाकटीनंही आवाज चढवला, जन्मात चढवला नव्हता इतका. खालच्या इस्त्र्या थांबल्या. आणि भांडता भांडता तिच्या लक्षात आलं की आपल्याला फार मजा येतेय.

शेवटी ताई खुर्चीत बसून हसत सुटल्या.

"दोन विरुद्ध दोन," त्या म्हणाल्या. "कधीची वाट बघतोय बाई आम्ही. तुझ्याआधीच्या दोघांना महिनाभरात घरी पाठवलं. वाजवायचे चांगलं, पण नुसत्या माना डोलवायचे. मान तूही डोलवायचीस, पण तुझं वाजवणं ऐकून वाटायचं, हिच्याकडे मत आहे."

"मग मला सांगायचं होतं ना!"

"सांगून दिलेलं मत काय चाटायचंय?"

मास्तर अजून धुसफुसत होते. वर्षभर सगळं कसं झटपट ठरत होतं, आता पुन्हा रोज गाडं अडणार, असं पुटपुटत त्यांनी पान मागे उलटलं.

"उद्या तुझ्या पद्धतीनं वाजवू," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात माझ्या."

"पुढच्या वर्षी?"

"का, तुला कुठे जायचंय?"

धाकटीला इतका आनंद एकदम झाला की डोळे घळाघळा वाहायला लागले.

"रडतेस कसली?" काका खेकसले. "तुझी वरची तार उतरलीय, ती आधी बघ."