फोर्कलिफ्टचा पोळा

हिंगोलीच्या हळद गोदामात फोर्कलिफ्टवर कॉम्प्युटर बसवायचा, कुठलं पोतं कुठल्या थप्पीत ते चालवणाऱ्याला जागेवरच दिसावं, हा हट्ट शितलचा. मग त्या कॉम्प्युटरला गोदामाच्या नेटवर्कशी जोडणारं बिनतारी यंत्र निवडायचं लोढणंही तिच्याच गळ्यात. पहिलं यंत्र हादऱ्यांनी खिळखिळं झालं. दुसरं थप्प्यांच्या आड गेलं की मुकं.

"माझ्या घरी वायफायचा छोटा डबा हाय," गोदामाचे मालक भागवतशेठ म्हणाले. "पोरगं दिवसभर खेळतं त्याच्यावर."

"शेठ, तुमचं पोरगं सोफ्यावर बसतं. हे पळतं!"

"तिसरं आणा. ते बी बंद पडलं तर कॉम्प्युटर उतरवायचे अन् पयल्यासारख्या चिठ्ठ्या."

तिसरं धावत्या यंत्रांसाठीच घडवलेलं. टपावर दोन उभ्या अँटेना. आठवडाभर ते जात्यावरच्या बाईसारखं अखंड बोलत राहिलं. अन् नेमकं आज, शेठ बघायला यायच्या दुपारी, पडदा कोरा.

शितलनं तारा हलवल्या, बटणं दाबली, कंपनीच्या माणसाला फोनवर झापलं. मग वर पाहिलं. दोन्ही अँटेनांवर बैलाच्या शिंगांना घालतात तशा पितळी शेंब्या, लखलखीत.

"प्रेमदासभाऊ! हे काय करून ठेवलं?"

"पोळा हाय न ताई." चालक प्रेमदास फोर्कलिफ्टच्या पुढं झूल बांधत होता. "आमचे आजे बैलांवर मीठ वाहायचे. बैल गेले, शेंब्या राहिल्या. आता माझा बैल हाच. आज ओझं न्हाई द्यायचं त्याला, नुसतं मिरवू."

"अहो, पितळेनं त्याचं तोंड बांधलं तुम्ही! काढा त्या."

"ओवाळायच्या आधी? माय निघालीय तांड्यावरून." तो हसला. "त्यापरीस तिसरं शिंग द्या त्याला."

"चेष्टा सुचते तुम्हाला!"

पण चरफडतच तिनं यंत्राचं खोकं उपसलं. तळाशी एक चपटी अँटेना होती, तिनंच नको म्हणून बाजूला टाकलेली. तारा शिंगांतून काढून तिला जोडल्या, ती टपाच्या कडेला चिकटवली. पडद्यावर पोत्यांची रांग उमटली.

शेठ आले तेव्हा प्रेमदासची माय मोतीबाई फोर्कलिफ्टला ओवाळत होती. निरांजनाचा उजेड पितळेवर डुलत होता. शितलनं घाईघाईनं पडदा दाखवला. शेठनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"चालतंय न? मग घ्या हेच. अन् त्या दुसऱ्या फोर्कलिफ्टला शिंगं काहून न्हाईत? बोडका बैल ठेवता पोळ्याला?"

शितलनं कपाळावर हात मारला आणि कंपनीच्या माणसाला फोन लावला. "दुसऱ्या फोर्कलिफ्टसाठी असंच यंत्र द्या, चपट्या अँटेनाचं. अन् उभ्यांची एक जोडी. जोडायची नाही, नुसती उभी राहील."

"मग कशाला, मॅडम?"

"तुमच्याकडं पोळा नसतो का हो?" म्हणत तिनं फोन आपटला.