देवघरातली उल्का

म्हैसूरला विजयनगर भागातल्या त्या मराठी घरात, देवघरात खंडोबाच्या चांदीच्या टाकाशेजारी एक काळा दगड असे. मुठीत मावेल एवढा, वरून काजळी धरल्यासारखा. सुष्माला कळू लागलं तेव्हापासून तो तिथेच होता, आणि तिची आई, गोदावरीबाई, रोज सकाळी टाकाबरोबर त्यालाही दुधाने न्हाऊ घालत आली होती. सणावारी दही, तूप, मध, साखर, सगळं.

दगड आणला होता सुष्माच्या वडिलांनी. मालोजीराव म्हैसूरच्याच एका प्रयोगशाळेत खाण्याच्या पदार्थांचे रसायनतज्ज्ञ होते. पाकिटातला उपमा आणि पुलाव कडाक्याच्या थंडीत कसा टिकतो ते पाहायला त्यांना एकदा अंटार्क्टिकाच्या मोहिमेबरोबर पाठवलं होतं. तिथे निळ्या बर्फावर, आजूबाजूला दुसरा खडासुद्धा नसताना, हा एकटाच पडलेला त्यांना दिसला. मोहिमेतल्या भूशास्त्रज्ञाने वरवर पाहून म्हटलं, "साधा दगड आहे, ठेवा आठवण म्हणून." मालोजीरावांना ते पटलं नव्हतं. बर्फावर दगड येणार कुठून, वरून पडल्याशिवाय? पण घरी आल्यावर त्यांनी तो पेटीतून काढायचा अवकाश, बाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. नवरा जिथून जिवंत परत आला तिथला दगड तो.

भाऊबंद हसायचे. "मालोजी बर्फ बघायला गेला, नि रस्त्यावरची खडी घेऊन आला!" मालोजीरावही हसायचे. तपासून घेऊ एकदा, म्हणायचे. ते एकदा कधी आलं नाही, आणि यंदाच्या थंडीत ते गेले.

ते गेल्यावर सुष्माने ठरवलं की हे एवढं तरी आपण करायचं. ती कॉलेजात इतिहास शिकवत होती, रसायनाशी तिचा संबंध नव्हता. पण अप्पा बरोबर होते असं एकदा कुणी जाणत्याने लिहून द्यावं, असं तिला फार वाटत होतं.

"फोडणार नाहीत ना ग पुट्टी?" आईने विचारलं.

"नाही ग. तळाचा हरभऱ्याएवढा तुकडा काढतील फक्त."

"आयतु, ठीक आहे. ने मग. पण जमिनीवर ठेवू नका म्हणावं."

सुष्माने दगड नरसिंहमूर्तींकडे नेला. ते भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. तुकडा त्यांनी ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवला, आणि निकाल आल्यावर सुष्माला घरी बोलावलं. कॉफी पुढे ठेवून त्यांनी आधी चांगली बातमी सांगितली.

"तुमचे वडील बरोबर होते. लोखंडाच्या कणांत निकेल आहे, पृथ्वीवरच्या दगडात सापडत नाही इतकं. उल्का आहे ही. आणि साधीसुधी नाही, कार्बनवाली. ग्रह घडायच्या आधीचा माल."

सुष्माला एकदम अप्पांना फोन करावासा वाटला. मग आठवलं.

"पण मॅडम," मूर्ती म्हणाले, "यावर काय ओतत होता तुम्ही?"

"दूध. देवघरात होता तो."

मूर्तींनी कपाळाला हात लावला, आणि तिच्याकडे पाहून तो लगेच काढला. "अय्यो. बघा, उल्का कुठेही पडते. पण ध्रुवावरची मोलाची का? बर्फात ती हजारो वर्षं स्वच्छ राहते, शीतगृहात ठेवल्यासारखी. या जातीच्या उल्कांमध्ये अमिनो आम्लं असतात, जीव ज्यापासून घडतो तो कच्चा माल. पृथ्वीवर हे कुठून आलं, याचा धागा त्यात सापडू शकतो. इथे दुधातली प्रथिनं सडून फटीफटीत मुरलीत. लोखंड गंजलंय. आकाशाचं कुठलं आणि गाईचं कुठलं, हे आता सांगता येत नाही."

"काहीच उरलं नाही?"

"उल्का म्हणून नोंद होईल. पण आतलं बोलायचं तर... अगदी गाभ्यात कदाचित थोडं कोरडं राहिलं असेल. ते पाहायला सगळा दगड फोडून दळावा लागेल. आणि मिळेलच असंही नाही."

तिने दगड पिशवीत घातला आणि रिक्षाने घरी निघाली. वाटेत तिने ठरवलं की आईला पहिलं अर्धंच सांगायचं. नुकता नवरा गेलेल्या बाईला कसं सांगणार की तुझ्या हाताने हे झालं? उल्का आहे, अप्पा बरोबर होते, बस्स.

आई दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"आकाशातलाच आहे, आई."

"बघ! आणि ते सगळे हसायचे." बाई खुर्चीवर बसल्या. डोळे पुसले. मग सुष्माकडे पाहत राहिल्या. "नंतर?"

"नंतर काय? एवढंच."

"सुम्ने, उगाच काही सांगू नको. तोंड बघ तुझं." बाईंनी दगड पिशवीतून काढून मांडीवर घेतला. "दुधाने खराब झाला ना?"

सुष्मा रिकाम्या पिशवीची घडी घालू लागली.

"तुझे अप्पा म्हणाले होते. तू नुकती चालायला लागली होतीस. म्हणाले, गोदा, त्याला पाणीसुद्धा लावू नको, आत काय आहे ते जाईल. मी भांडले. म्हटलं, तुम्ही तिकडे बर्फात, इकडे पत्र नाही, फोन नाही, तेव्हा मी देवाला दूध घालूनच तुम्हाला परत मागितलं. आता तुम्ही आलात, नि त्याचं दूध बंद करू?"

"मग अप्पा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन दूध घेऊन आले. त्यानंतर रोज तेच आणायचे. मला वाटलं, पटलं त्यांना."

सुष्माला हे ठाऊक नव्हतं. दुधाची पिशवी घेऊन फाटकातून येणारे अप्पा तिने रोज पाहिले होते. दुधाने काय होतं हे त्या घरात त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं.

"काही उरलंय का आत?" बाईंनी विचारलं.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. सुष्माने मूर्तींचं म्हणणं सगळं सांगितलं: गाभा, दळणं, भरवसा नाही ते. "पण मी नाही म्हणून सांगते त्यांना, आई. राहू दे तुझ्याजवळ."

"बेडा, तसं नको सांगू." बाईंनी मान हलवली. "फोडू देत. एकदा तरी त्यांचं ऐकते."

"आई, हाती काही लागणार नाही कदाचित."

"नाही लागलं तर नाही. तू फोन कर."

सुष्माने फोन लावला. मूर्तींनी दोनदा विचारलं, नक्की ना, सगळा ना. ती हो म्हणाली. बोलता बोलता तिचं लक्ष आईकडे होतं. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि त्या दगडाची एकेक खाच पुसत होत्या, ओल राहू नये म्हणून, जपून, पुन्हा पुन्हा. बोटांचं तेल, पदराचा धागा, यातलंही काही ना काही दगडाला लागतच होतं. सुष्माने ते सांगितलं नाही.